कमावलेला पाय

गंगप्पाचा पाय पुरला त्या दिवशी खड्डा परप्पाने खणला होता. सख्ख्या मोठ्या भावाचा, साखरेच्या रोगाने कापावा लागलेला पाय. इस्पितळातून तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून हातात मिळाला. एवढा ऐवज बसमधून आणायचा कसा म्हणून चुलतभावाने जीप केली. बसरगट्टीत आमचे लोक माणूस पुरतात, जाळत नाहीत, मग पायाला वेगळा न्याय कशाला? शेताच्या कोपऱ्यात बाभळीखाली गुडघाभर खड्डा खणला, पाय ठेवला, वर विभूती टाकली. अय्यांना, म्हणजे आमच्या जंगमांना, मंत्राला बोलवायचं का यावर थोडी कुजबुज झाली. नुसत्या पायाला मंत्र लागतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड वर्षाने उरलेला गंगप्पाही तिथंच शेजारी आला.

त्या दीड वर्षात परप्पाने भावाला रोज पाहिलं. पलंगावर पडलेला, सुनेच्या हाताकडे बघत बसलेला, नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणून रडणारा माणूस. तेव्हा त्याने बायकोला, नीलव्वाला, सांगून टाकलं होतं, "मला मेलेलं बघ, पण असं बघू नकोस." म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली तेव्हा तो मरणाला घाबरला नाही, पायाला घाबरला. त्याला पाय वाचवायचा होता. पुढं जे झालं ते सगळं त्या भीतीपायी झालं.

तालुक्याच्या गावी मेटगुड डॉक्टर होते. तरुण, बोलायला गोड, पेशंटला 'काका' म्हणणारे. त्यांनी परप्पाला टेबलावर झोपवलं आणि एका काडीला बांधलेला नायलॉनचा बारीक दोरा काढला.

"काका, डोळे मिटा. पायाला दोरा टेकला असं वाटलं की 'हो' म्हणा."

परप्पाने डोळे मिटले. वाट बघितली. काहीच नाही. डॉक्टर उगीच वेळ का काढतात असं त्याच्या मनात आलं आणि त्याने एक पापणी केसभर उघडली. दोरा अंगठ्याखाली टेकलेला होता, टेकून वाकलासुद्धा होता. त्याला बाभळीखालचा खड्डा दिसला. आणि मग त्याने जे केलं ते शाळेत पाढे न येणारं पोर करतं तेच. पापणी तशीच किलकिली ठेवली, आणि दोरा टेकला की "हो." पुन्हा टेकला की "हो." दोन्ही पायांना मिळून वीस वेळा "हो."

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर त्यांनी पाय ठीक असल्याचं लिहिलं. "चालता का रोज?"

"गुडघा दुखतो."

"मग सायकल चालवा. रोज तासभर. पण बूट घालून हं, अनवाणी अजिबात नाही. आणि संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे. काकू, तुम्ही बघा."

नीलव्वाने मान हलवली. परप्पाच्या कानात मात्र एकच शब्द शिरला होता. सायकल.

आता बसरगट्टीत सायकल म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याने आमच्या बसवण्णाच्या जत्रेला एकदा यावं. कुस्ती दुसऱ्या गावांची, आमची सायकलीची शर्यत. साधीच काळी सायकल, मडगार्ड, कॅरियर, स्टँड सगळं काढून नागडी केलेली. देवळापासून कालव्यापर्यंत आणि परत, चौदा किलोमीटर. पहिला येणाऱ्याला चांदीचं कडं. परप्पाने विशीत लागोपाठ तीन वर्षं ते कडं मारलं होतं. त्याच जोरावर साखर कारखान्याच्या चेअरमननी त्याला वजनकाट्यावर चिकटवलं, आणि तिथून त्याचं सगळं बसून सुरू झालं. चोवीस वर्षं खुर्चीत. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आला की बटण दाबायचं, गेला की चहा. शेवटच्या वर्षीचं कडं मनगटात होतं, ते चरबीत असं रुतलं होतं की साबण लावूनही फिरत नव्हतं.

माळ्यावरची सायकल काढून तो काशीमसाबच्या दुकानात घेऊन गेला. काशीमसाब नदाफ त्याचा वर्गमित्र, आणि शर्यतीच्या दिवसांत सायकल त्याचीच बांधलेली असायची.

"काय परपण्णा, या वयात घोडं सजवतोयस? वहिनींना माहीत आहे का वरात कुणाकडे चाललीय ती?"

"गप रे. डॉक्टरांनी सांगितलंय. साखर झालीय."

"होणारच! चोवीस वर्षं कारखान्याची साखर मोजलीस, थोडी घरी आणली असशील अंगातून." आणि चेन ओढून बघत तो हळूच म्हणाला, "गंगण्णाचं तेच ना रे?"

"म्हणून तर चालवायचीय."

काशीमने पैसे घेतले नाहीत. घंटी मात्र नवी बसवली, म्हणाला, म्हातारा येतोय हे लोकांना कळलं पाहिजे.

पहिले चार दिवस परप्पाने नीलव्वाने आणलेले पांढरे बूट घातले. पाचव्या दिवशी पंचायतीच्या कट्ट्यावरून आवाज आला, "कोण रे तो बूट घालून सायकलीवर? तहसीलदार आला काय?"

दुंडप्पा मास्तर. वय ऐंशीच्या घरात, गावातल्या प्रत्येक कड्यामागे ह्यांचा हात. शाळेत हे मास्तर कधीच नव्हते, पण त्यांच्या शिकवणीपुढं शाळा काय चीज! परप्पा खाली उतरला, पाया पडला.

"मास्तर, डॉक्टर म्हणतात बूट पाहिजे."

"डॉक्टरानं कधी कडं मारलंय?"

"नाही."

"मग?" मास्तर थुंकले. "पाय आणि पेडल यांच्यात तिसरं कुणी आलं की संसार मोडला. मी तुला काय शिकवलं होतं? विसरलास सगळं त्या खुर्चीत बसून."

विसरला नव्हता. कुणीच विसरत नाही. आमच्याकडची रीत अशी, की शर्यतीला पाय अनवाणी. पेडलचं रबर काढून टाकायचं, उघड्या लोखंडावर पाय ठेवायचा आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने तो पेडलला करकचून बांधायचा. महिनाभर तळवा सोलून निघतो, फोड येतात, फुटतात, रात्री मिठाच्या पाण्यात पाय घालून बसलेली तरुण पोरं आई आठवतात. मग हळूहळू दुखणं थांबतं. दुखणं थांबलं की मास्तर म्हणायचे, पाय कमावला. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या ओवरीत 'पाय बघणं' होतं. सगळे शर्यतवाले पाय पसरून ओळीने बसतात, मास्तर प्रत्येकाच्या तळव्यात अंगठ्याचं नख रुतवतात. जो कळवळला तो घरी. ज्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही त्याच्या नावाने नारळ फुटतो. विशीतल्या परप्पाने तो नारळ गालाचं मांस दाताखाली धरून मिळवला होता. दुखलं होतं, जीव जाईल असं दुखलं होतं, पण त्याने दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गावाबाहेरच्या मोरीत बूट लपवले आणि काशीमकडून ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. परतताना मोरीपाशी थांबायचं, बूट घालायचे आणि शहाण्यासारखं घरी यायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसलाच प्रकार.

काय सांगावं, ते तीन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले असतील. पहाटे ज्वारीच्या शेतांमधून जाताना त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. पोट उतरलं. जिना चढताना लागणारी धाप गेली. साखर दोनशे ऐंशीवरून एकशे साठवर आली, मेटगुड डॉक्टरांनी पाठ थोपटली. "पाय बघता ना?" त्यांनी विचारलं. "बघतो की," परप्पा म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडलीसुद्धा नाही. मनगटातलं कडं एके दिवशी सुटून फिरायला लागलं. त्या संध्याकाळी त्याने नीलव्वासमोर हात धरून ते दहा वेळा फिरवून दाखवलं.

"बास करा, झिजेल," ती म्हणाली, पण हसली.

आणि सगळ्यात मोठा आनंद हा, की पाय दुखतच नव्हता. विशीत महिनाभर रडवणारं ते लोखंड आता चार दिवसांतच गप्प झालं होतं. फोड आले असतील, गेले असतील, त्याला पत्ताच नाही. त्याला वाटलं, पाय जुनी ओळख विसरला नाही. एकदा कमावलेला पाय तो कमावलेलाच. भाऊ मेला तो पलंगावर बसून मेला, आपण वेळेवर उठलो. ह्या विचाराने त्याला एकदा सायकलवरच रडू आलं.

नीलव्वा संध्याकाळी तळवे बघायला बसायची. तळवे काळेकुट्ट. ट्यूबचा काळा रंग घामाने उतरून चामडीत मुरलेला.

"हे काय हो? बूट घालता ना?"

"बुटाच्या आतला रंग सुटतो गं. हलका माल आणलास तू."

"आणि बुटाचे तळ तर नव्यासारखे आहेत."

"सायकलीवर तळ झिजतात होय? चालतोय थोडाच मी!"

तिने काथ्याने घासलं. काळं ते काळंच. काळ्यावर आणखी काय काळं चढतंय, हे त्या चिमणीएवढ्या दिव्याच्या उजेडात कुणाच्या बापाला दिसणार होतं? "राहू दे, जाईल," म्हणून तो पाय ओढून घ्यायचा.

त्या वर्षी जत्रेच्या पंचांनी नवी शर्यत काढली, पंचेचाळिशीच्या वरच्यांची. घरटी एक साखरेचा पेशंट झालाय, म्हाताऱ्यांना जरा हुरूप येईल, असा विचार. विचार चांगला होता. रीत मात्र तीच ठेवली, कारण रीत कुणाला विचारून बदलायची?

जत्रेच्या आधी तीन दिवस घरात वास यायला लागला. नीलव्वा म्हणाली, उंदीर मेलाय. तिने धान्याची पोती हलवली, कपाट ओढलं, चुलीमागची लाकडं बाहेर काढली. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने माळा उपसला. परप्पा पलंगावर बसून वर बघत सूचना देत होता, "त्या डब्यांच्या मागं बघ. तिकडूनच येतोय." ती खाली उतरली, नाकाला पदर लावून उभी राहिली, म्हणाली, "नाही हो, इथंच जास्त येतोय." मग तिने पलंगाखाली झाडू फिरवला.

पाय बघण्याच्या संध्याकाळी ओवरीत धूपाच्या दाट धुरात अकरा म्हातारे पाय पसरून बसले होते. तरुण पोरं कडेला उभी राहून मजा बघत होती. मास्तरांनी शाळेच्या हेडमास्तरांच्या तळव्यात नख लावलं तर ते "यव्वा गं!" करून पाय पोटाशी घेऊन बसले. हशा पिकला. गिरणीवाला रामगोंड शिव्या देत उठला. मग परप्पा.

मास्तरांनी नख रुतवलं. परप्पा समोर बघत होता. मास्तरांनी जोर लावला. त्यांच्या म्हाताऱ्या हाताच्या शिरा वर आल्या. परप्पा शांत. मास्तरांचे डोळे भरून आले.

"बघा रे पोरांनो," ते म्हणाले, "चाळीस वर्षांत असा पाय बघितला नाही मी. ह्याला म्हणतात पाय."

ओवरीभर टाळ्या वाजल्या. परप्पाची छाती फुगली, हे खरं. पण त्याच वेळी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. मास्तर डावा पाय दाबतायत की उजवा, हे त्याला खाली बघितल्यावरच कळलं. क्षणभर तो मेटगुड डॉक्टरांच्या टेबलावर होता, पापणी किलकिली करून. मग नारळ फुटला, पाणी त्याच्या पायावर उडालं, आणि त्याने तो विचार झटकून टाकला. माणसाला खरं कळत नाही असं नाही. कळलेलं बाजूला सारायला त्याच्याकडे नेहमी एखादा नारळ असतो, एवढंच.

शर्यत परप्पाने जिंकली. उगीच नाही, चांगली दोनशे पावलं पुढं राहून जिंकली. हलगी वाजत होती, पोरं बाजूने पळत होती, गुलाल उडाला. देवळापाशी सायकल धरायला काशीम उभा होता.

"शाबास रे म्हाताऱ्या! थांब, पाय सोडवतो. वहिनींना म्हणावं आज होळिगे कर, पुरणात साखर न घालता, नुसती डाळ!" बोलत बोलत तो खाली बसला. डाव्या पायाची पट्टी सुटली. उजव्याची सुटेना. त्याने खिशातून ब्लेड काढलं, पट्टी कापली, ओढली, आणि बोलायचा थांबला.

"काय झालं रे?" परप्पाने वरून विचारलं. त्याच्या गळ्यात हार होता.

काशीमने मान वर केली. "परपण्णा, दुखतंय का तुला?"

"नाही की. का?"

पट्टीबरोबर कातडं निघून आलं होतं. आतली दोन बोटं बोटांसारखी राहिली नव्हती. वास सुटला तशी पोरं मागं सरली. गर्दीतून नीलव्वा पुढं आली, हातात ओवाळायचं ताट. तिने पायाकडे नंतर बघितलं. आधी तिने वास ओळखला. तीन दिवस ती घरभर तोच शोधत होती.

कुणीतरी ताट तिच्या हातातून काढून घेतलं. मास्तर चांदीचं नवं कडं घेऊन पायरीवर उभे होते, ते तसेच खाली बसले.

जिल्ह्याच्या इस्पितळात आधी बोटं काढली, आठ दिवसांनी गुडघ्याखालून पाय. मेटगुड डॉक्टर मुद्दाम बघायला आले. जुना कागद त्यांच्या हातात होता.

"काका, मी स्वतः तपासलं होतं. वीसपैकी वीस. तुम्ही 'हो' म्हणाला होता."

परप्पाने भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "मी बघून सांगितलं, डॉक्टर."

डॉक्टर कागदाची घडी घालून गेले. नीलव्वा कोपऱ्यात संत्रं सोलत होती, तिचा हात थांबला.

"बघून?" ती म्हणाली. "आणि ते बूट?"

"मोरीत ठेवत होतो."

"माझ्याशी खोटं बोललात ते बोललात. सगळेच नवरे बोलतात. पण त्या डॉक्टराशी कशाला हो? त्याच्याशी खोटं बोलून काय मिळणार होतं तुम्हाला?"

"भीती वाटली गं," परप्पा म्हणाला. "गंगण्णा दिसला."

तिला त्याचा इतका राग आला होता की ते संत्रं त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटत होतं. तिने एकेक फोड मोजून त्याच्या तोंडात घातली.

पाय काशीमने आणला, काशीमनेच पुरला. गंगप्पाच्या शेजारी, बाभळीच्या दुसऱ्या बाजूला. या वेळी अय्यांना बोलवायचं का म्हणून कुणी विचारलंही नाही. पांढरे बूट काशीमला मोरीत सापडले, त्यातला उजवा त्याने त्याच खड्ड्यात टाकला. डावा नीलव्वाने मागून घेतला.

मास्तर एकदा घरी आले. उंबऱ्याबाहेर बसले, पाणी प्याले, "येतो" म्हणाले आणि गेले. पुढच्या जत्रेत त्यांनी पाय बघितले नाहीत. त्यांच्या पुतण्याने बघितले. कट्ट्यावर लोक म्हणत होते, साखरवाल्यांना शर्यतीतच घ्यायला नको होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आमच्या गावाची ही जुनीच खोड आहे. नख तसंच राहिलं, नारळही तसाच.

परप्पा पलंगावर होता. भावाचाच पलंग, गंगप्पाच्या मुलाने आणून टाकलेला. हात इतके वाळले की जुनं कडं मुठीवरून आपोआप गळून पडलं. नीलव्वाने ते डब्यात ठेवलं, नवं कडंही तिथंच होतं, एकदाही न घातलेलं. ती रोज सकाळी डावा पाय कोमट पाण्याने धुवायची, खिडकीत उजेडात धरायची, आरसा लावून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघायची. बूट घालूनच त्याला आंघोळीच्या दगडापर्यंत न्यायची. तिच्या मनात आता एकच होतं, हा तरी राहू दे.

चौथ्या महिन्यात मेटगुड डॉक्टर घरी आले. पिशवीतून त्यांनी तीच काडी काढली, तोच बारीक दोरा.

"काका, डावा पाय तपासू. डोळे मिटा."

"थांबा," नीलव्वा म्हणाली. ती उठून उशाशी आली आणि तिने आपला तळहात परप्पाच्या दोन्ही डोळ्यांवर घट्ट ठेवला. त्याने हरकत घेतली नाही. या वेळी त्याला खरंच खोटं बोलायचं नव्हतं. आयुष्यभर ज्या दुखण्याला तो दाताखाली धरत आला, त्याची तो आज अगदी मनापासून वाट बघत होता. थोडं टोचू दे. देवा बसवण्णा, नुसतं खुपू दे.

बाहेर शेळी ओरडली. नीलव्वा पायाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्या डोळ्यांवरचा तळहात आणखी घट्ट दाबला.

"डॉक्टर," परप्पा तिच्या हाताखालून म्हणाला, "सुरू करा की. मी केव्हाचा थांबलोय."

डॉक्टरांनी दोरा दुसऱ्यांदा सगळीकडे टेकवून पिशवीत ठेवला होता.